मोठं नको, नीट दिसू दे

टू-टू रायफलीवर दुर्बीण बसवायची असं एखाद्यानं ठरवलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एक्सची, म्हणजे किती पट मोठं दाखवणारी, घेऊ? चार, नऊ, बारा की सोळा? आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, हा समज दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांनी मिळून जपलेला आहे. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका रायफल क्लबात बरीच वर्षं नवशिक्यांना शिकवतो. हा प्रश्न विचारणाऱ्यांत शाळकरी मुलांचे आईवडील असतात, निवृत्त सुभेदार असतात, हौसेनं परवाना काढलेले शेतकरी असतात. बहुतेकांकडे पैसे मोजके असतात आणि ते एकदाच खर्च करायचे असतात. माझं उत्तर ऐकून त्यांतले बरेच जण हिरमुसतात. पण मोजक्या पैशांत नेमाचं साधन कसं निवडायचं, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. पैशाअभावी मागे पडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि पैसा भलत्या ठिकाणी घातल्यामुळे मागे पडलेलीही. या दुसऱ्या मुलांचं दुःख मला जास्त होतं, कारण ते टाळता आलं असतं.

आधी ही रायफल काय चीज आहे ते बघू. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे. गोळी ५.६ मिमी जाडीची, वजनाला अडीच ग्रॅमच्या जरा वर. स्पर्धेची गोळी नळीतून सुटते ती सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगानं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित अलीकडे, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याच्या खाली उतरताना गोळी डळमळते, म्हणून ती वेस ओलांडायचीच नाही. अशी गोळी ५० मीटरवर झिरो केली, म्हणजे तिथे नेमावर लागेल अशी साइट जुळवली, तर १०० मीटरवर साधारण वीतभर खाली लागते. तेव्हा हिचं खरं घर ५० मीटरचं. ऑलिंपिकमधलं हिचं लक्ष्यही तिथेच असतं: ११२.४ मिमी व्यासाचा काळा गोल आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं १०.४ मिमीचं वर्तुळ. एअर रायफलीचं अंतर त्याहून कमी, १० मीटर. तिथे छर्रा ४.५ मिमीचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छर्राच ठिपक्याच्या नऊपट रुंद.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषय संपला, आणि तो संपला हे उत्तमच झालं. टू-टूला परवाना लागतो. ४.५ मिमीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला लागत नाही, म्हणून बहुतेकांची सुरुवात तिच्यापासून होते. दोन्हींसमोर असतो तो कागद. अंतर ठरलेलं, उजेड बहुधा चांगला, टू-टूचा धक्का नावापुरता. अशा रायफलीला मोठ्या रायफलीच्या धक्क्यात टिकणारी महागडी दुर्बीण लागत नाही. लांबवर पाहणारीही लागत नाही. पैसे वाचतात ते इथे.

मग लागतं काय? आपल्याकडच्या स्पर्धांच्या पत्रकात दोन शब्द नेहमी दिसतात: ओपन साइट आणि पीप साइट. ओपन साइट म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी. खाचेच्या मधोमध माशी आणायची, माशीवर लक्ष्य ठेवायचं. सांगायला सोपं, पण यात डोळ्याला एकाच वेळी तीन ठिकाणी पाहायला सांगितलेलं असतं: हातभर अंतरावरची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि १० किंवा ५० मीटरवरचा कागद. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून जुने उस्ताद सांगत आले की माशी काजळासारखी काळीभोर आणि रेखीव दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर दिसलं तर दिसू द्या. नवशिक्याला हे पटत नाही. ज्यावर गोळी मारायची तेच धूसर कसं ठेवायचं? पण माशी एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली तरी ५० मीटरवर ती चूक कित्येक पटींनी वाढून लागते, आणि लक्ष्य जरा धूसर असलं तरी त्याचा मध्य डोळ्याला बऱ्यापैकी कळतो. हे एकदा हाडात मुरलं की मुलाचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, आठवडाभरात आवळायला लागतो. त्यासाठी एक रुपयाही खर्च झालेला नसतो.

पीप साइट हा माझ्या दृष्टीनं या सगळ्या खेळातला सर्वांत सुंदर शोध आहे. मागे खाचेऐवजी बारीक भोक आणि पुढे माशीऐवजी कडं. भोकातून पाहिलं की डोळा आपसूक त्याच्या मधोमध जातो, कारण उजेड तिथे जास्त असतो. शिवाय बारीक भोकातून आलेल्या उजेडामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही पुरेसं रेखीव दिसतं. पुढच्या कड्यात काळा गोल बसतो आणि भोवती पांढऱ्या उजेडाची सारखी कडा उरते. ती कडा सगळीकडून सारखी आहे की नाही हे ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तरबेज असतो. केसभर फरक पडला तरी त्याला खुपतो. यात भिंग नाही, मोठं करून दाखवणं नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण बसवायला मनाईच आहे.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला उभा राहिला आणि ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेऊन आला, तो अशाच भोकातून पाहून. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही बैठकांत त्याला ५० मीटरवरचा तो काळा गोल दिसत होता तो आपल्याला दिसला असता तेवढाच. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनला, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण मिळवले, जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि सुवर्ण जिंकलं. सुमा शिरूरनं २००४ साली क्वालालंपूरला एअर रायफलीत ४०० पैकी ४०० केले. चाळीस छर्रे आणि चाळीस दहा. हे आकडे मी नव्या पालकांना मुद्दाम सांगतो. मोठं दिसल्याशिवाय बारीक मारता येत नाही, हा समज त्यानं लगेच गळून पडतो.

भोकाचीही किंमत असते, हे मात्र मान्य करायला हवं. जर्मन बनावटीची चांगली पीप साइट बऱ्याच घरांच्या महिन्याच्या उत्पन्नाला भारी पडते. पण सुरुवातीला ती लागत नाही. क्लबात जुन्या पीप साइट हातोहात फिरत असतात. एकानं नवी घेतली की जुनी धाकट्याकडे जाते. वापरलेली पीप साइट घेताना एवढंच बघायचं, की नॉब फिरवताना प्रत्येक क्लिक बोटाला जाणवतो का आणि भोकाची तबकडी बोटानं दाबली तर हलते का. हलत असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. पुढच्या कड्याचं मापही पाहून घ्यावं. नवी मुलं गोल अगदी कवेत घेणारं घट्ट कडं मागतात, कारण ते अचूक वाटतं. खरं तर काळ्या गोलाभोवती पांढरं जरा मोकळं असलं तरच ते सारखं आहे की नाही हे कळतं. घट्ट कड्यात डोळा शोधत राहतो, थकतो आणि शेवटी काहीच पाहत नाही.

आता दुर्बिणीकडे येऊ. ती कोणासाठी असते, याबद्दल माझं मत बाजारापेक्षा वेगळं आहे. बाजार ती मुलांना विकतो. मला वाटतं ती चाळिशी लागलेल्यांसाठी आहे. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठरतं आणि जवळची माशी धूसर व्हायला लागते. माझ्याही बाबतीत तसंच झालं. माशी पाहावी तर तिला केसाळ कडा, आणि कागद मात्र लख्ख. दुर्बिणीत क्रॉस, म्हणजे नेमाची फुली, आणि लक्ष्य दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, डोळ्याला पुढेमागे धावावं लागत नाही. वयस्क डोळ्यासाठी हा फार मोठा दिलासा असतो. तरीही दुर्बिणीआधी चष्मेवाल्याकडे जाऊन यावं. नेमाच्या डोळ्याच्या लांबच्या नंबरात अर्धा डायॉप्टर अधिक करून एक साधा चष्मा करून घेतला की अनेकांना माशी पुन्हा रेखीव दिसते. स्वस्तातल्या स्वस्त दुर्बिणीपेक्षाही हा चष्मा स्वस्त पडतो.

तरी दुर्बीण घ्यायचीच असेल, स्पर्धेबाहेरच्या हौसेसाठी किंवा डोळ्यांसाठी, तर दुकानदारानं कधीच न सांगितलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करायला हवी. तिला पॅरलॅक्स म्हणतात. ती शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवलेली बरी. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवा, ५० मीटरवरच्या कागदाकडे रोखून. दुर्बिणीतून पाहा, क्रॉस गोलाच्या मधोमध आहे. आता रायफलीला हात न लावता फक्त डोकं किंचित डावीकडे न्या, मग उजवीकडे, मग वर-खाली. रायफल जागची हललेली नाही, तरी क्रॉस गोलावरून सरकताना दिसेल. नळी जिथे रोखलेली आहे तिथेच आहे, पण डोळा जसा सरकतो तसा क्रॉस खोटं सांगतो.

हे होतं कारण प्रत्येक साधी दुर्बीण कारखान्यातच एका ठरावीक अंतराला बांधलेली असते. त्या अंतरावर क्रॉस आणि लक्ष्य एकमेकांना चिकटून असतात. अंतर बदललं की सुटतात. मोठ्या रायफलीच्या बहुतेक दुर्बिणी १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला बांधलेल्या असतात. पुढचं भिंग ४० मिमीचं असेल, तर अशा दुर्बिणीतून ५० मीटरवर डोळा अगदी कडेला गेला असता चूक जास्तीत जास्त ९ मिमीपर्यंत जाते. दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. गोळीची कड त्या वर्तुळाला शिवली तरी कागदावर दहा मोजतात, त्यामुळे मध्यापासून ८ मिमीपर्यंत चूक माफ असते. नऊ मिमी चूक म्हणजे दहाचे नऊ झाले, आणि तेही रायफल तसूभर न हलता. तीच दुर्बीण १० मीटरच्या एअर रायफलीवर चढवली तर चूक १८ मिमीच्या घरात जाते. एअर रायफलीचा अख्खा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, म्हणजे छर्रा गोलाबाहेर पडू शकतो. याउलट ५० यार्डांना बांधलेल्या दुर्बिणीत ५० मीटरवर ही चूक दोन मिलिमीटरच्या आत राहते. दोन्ही दुर्बिणी शेजारी ठेवल्या तर बाहेरून सारख्याच दिसतात. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न तेव्हा हा असावा: ही किती यार्डांना बांधलेली आहे? टू-टूसाठी ५०. एअर रायफलीसाठी १० मीटरपर्यंत खाली येणारी, पुढच्या भिंगावर किंवा बाजूच्या नॉबवर अंतर फिरवता येणारी. पुढच्या भिंगावर फिरवायच्या प्रकाराला बाजारात एओ म्हणतात. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर खोक्यावर वाचा, आणि खोकंही गप्प असेल तर दुकान बदला.

हातात आधीच १०० यार्डांची दुर्बीण असेल तर निराश होऊ नका. पॅरलॅक्सची चूक डोळा मध्यापासून ढळला तरच होते. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला तर डोळाही त्याच जागी राहतो. दुर्बीण खाचेपेक्षा उंच बसते, त्यामुळे मुलांचे गाल दस्ता सोडून अधांतरी तरंगतात आणि हनुवटीवर तोल येतो. तिथे जाड फोम चिकटपट्टीनं बांधून गाल नीट टेकेल इतकी उंची करून घ्यावी. दृश्याच्या कडेला काळी सावली दिसते, ती चारी बाजूंनी सारखी आहे का हे प्रत्येक गोळीआधी पाहावं. हे दोन उपाय जवळपास फुकटात होतात, आणि त्यांनी दुर्बिणीची निम्मी लबाडी बंद होते.

एक्सच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा असतो तो पुढच्या भिंगाच्या व्यासाचा. ४×३२ म्हणजे चौपट आणि ३२ मिमी. ३२ला चारनं भागलं की आठ येतात. डोळ्याशी पोचणाऱ्या उजेडाचा झोत आठ मिलिमीटरचा. आपली बाहुली भर उन्हात दोनतीन मिलिमीटरची असते, अंधारात मोठी होते. झोत बाहुलीहून रुंद असेल तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी दृश्य काळं पडत नाही. १२×४०चा झोत जेमतेम ३.३ मिमी. त्यात डोळा बसवताना मुलं मान लांब-आखूड करत राहतात, आणि तोवर श्वास, हात आणि मन सगळं सुटून जातं. एअरगनबरोबर हमखास जोडून मिळणारी ती ४×२० नावाची बारीक दुर्बीण मात्र घेऊच नका. चिंचोळं दृश्य, मिणमिणता उजेड आणि ढिले नॉब. तिच्याऐवजी रायफलीवरची मूळ माशी बरी.

काचेवरच्या लेपाचं महत्त्वही पावसाळ्यातल्या दुपारी कळतं. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी शंभरातला सहासष्ट भागच डोळ्यापर्यंत येतो, आणि परत फिरलेला उजेड आत भटकून धुकं करतो तो वेगळाच. झाइसमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुलानं १९३५ साली हा परतीचा उजेड रोखणाऱ्या लेपाचं पेटंट मिळवलं. आज स्वस्त दुर्बिणींवरही लेप असतो, पण काहींत फक्त बाहेरच्या काचेवर, दिसण्यापुरता. दिवे लागलेल्या दुकानात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात. नुसती दुर्बीण हातात घेऊन दाराशी या आणि समोरच्या इमारतीच्या सावलीतली एखादी पाटी वाचा. अक्षरांच्या कडांना जांभळी-पिवळी झालर दिसते का, कडेची अक्षरं विरघळतात का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

स्वस्त दुर्बीण हीसुद्धा एके काळी कोणाच्या तरी ध्यासातून जन्मली आहे. तोवर दुर्बीण ही श्रीमंतांच्या रायफलीवरची चैन होती. अमेरिकेत १९३० साली बिल वीव्हर या चोविशीतल्या तरुणानं ३-३० नावाची दुर्बीण काढली, बसवायच्या माउंटसकट १९ डॉलरला. सामान्य माणसाला परवडेल अशी ती पहिली दुर्बीण मानली जाते. परवडेल असं बनवणं हेसुद्धा कौशल्याचं काम असतं. काय वगळलं तर चालेल आणि काय वगळलं तर चालणार नाही, हे ज्याला कळलं त्यानंच ते केलं.

वगळता येत नाही अशी पहिली गोष्ट म्हणजे क्लिकचा प्रामाणिकपणा. बहुतेक दुर्बिणींचा एक क्लिक पाव एमओएचा असतो; एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५० मीटरवर तो ३.६ मिमी सरकतो. खरेदीनंतर पहिल्याच दिवशी रेंजवर एक चाचणी करावी. टेकू देऊन एक ग्रुप मारा. मग नॉब वीस क्लिक उजवीकडे फिरवा आणि नेम त्याच जुन्या ठिकाणी धरून पुन्हा ग्रुप मारा. वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली. कागदावर सव्वासात सेंटिमीटर बाजूचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर जाऊन बसला पाहिजे. चौकोन थोडा लहानमोठा झाला तर मला चालतं. एका दुर्बिणीचा क्लिक पाव एमओएऐवजी जरा जास्त निघाला तर ते लक्षात ठेवून वापरता येतं. पण शेवटचा ग्रुप पहिल्यावर परतला नाही, किंवा नॉब फिरवल्यावर फरक लगेच न पडता दोन गोळ्यांनंतर पडला, तर आतली स्प्रिंग कमजोर आहे. ती दुर्बीण त्याच आठवड्यात परत करावी. बिल जपून ठेवावं ते यासाठी.

क्लिकवर विश्वास असणं किती मोलाचं असतं हे अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला दाखवून दिलं. अंतिम फेरीआधीच्या सरावात त्याची गोळी चारच्या घरात गेली. आपल्या साइटशी कोणीतरी छेडछाड केली असावी असं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. मोजकी मिनिटं हातात होती. त्यानं साइट पुन्हा जागेवर आणली, खेळला, शेवटची गोळी १०.८ मारली आणि ७००.५ गुणांवर भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. त्याच्या मनाच्या ताकदीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यात दुसरंही एक दिसतं. नॉब जेवढा फिरवला तेवढीच साइट सरकेल, हा भरवसा त्याला होता. तो भरवसा नसता तर त्या मिनिटांत मन कितीही खंबीर असून उपयोग नव्हता.

स्प्रिंगच्या एअरगनबद्दल एक इशारा. टू-टूचा किंवा मोठ्या रायफलीचा धक्का मागे येतो. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि पिस्टन पुढच्या हवेच्या गादीवर आपटला की बंदूक पुढे झटकते. साधी दुर्बीण फक्त मागचा धक्का सोसायला बांधलेली असते. हा पुढचा झटका तिच्या आतली भिंगं आणि क्रॉसची तार सैल करतो. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकणारी दुर्बीण स्प्रिंगच्या गनवर महिन्यात खुळखुळते ती यामुळे. या गनसाठी खोक्यावर एअरगनचं नाव स्पष्ट असलेलीच दुर्बीण घ्या, आणि माउंट मागे सरकू नये म्हणून त्याला अडणीची पिन आहे का बघा. रिंगा आणि माउंट यांत कंजुषी करू नका. अकरा मिलिमीटरच्या खाचेत माउंट केसभर जरी सरकत असेल तर त्यावर कितीही किमती काच बसवून फायदा नाही.

आणि आपला पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी धरते. कॅमेरेवाल्यांना हे पक्कं माहीत असतं, रायफलवाल्यांना उशिरा कळतं. आधी बारीक ठिपका, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आणि मग ते काचेवरचा लेपच खातात. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या पिशवीत दुर्बीण ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि जेल ओलसर झालं की गरम करून पुन्हा वापरा. आतली हवा काढून नायट्रोजन भरलेली, सीलबंद दुर्बीण मिळत असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे जरूर द्या. चमकणाऱ्या लाल-हिरव्या क्रॉससाठी एक पैसाही देऊ नका. दिवसाउजेडी कागदावर साधा काळा क्रॉसच नीट दिसतो.

आता मोठ्या एक्सचा मुद्दा. मी या सगळ्यापेक्षा त्याला महत्त्व देतो, कारण इथे साधन आणि माणूस एकमेकांना भिडतात. उभं राहून रायफल धरलेल्या नवशिक्याची नळी सतत हलत असते. निष्णात नेमबाजाचीही हलते, फक्त कमी. सोळा एक्समधून पाहिलं की तेच हलणं सोळापट मोठं दिसतं. काळा गोल क्रॉसखालून बोटीसारखा जात-येत राहतो. मूल घाबरतं. आपला हात इतका वाईट आहे हे त्याला प्रथमच दिसतं, आणि मग ते दबा धरतं: क्रॉस दहावरून जाईल त्या क्षणी चाप ओढू. तो क्षण आला की बोट झटकतं, नळी त्या झटक्यानं ढळते आणि गोळी सातला जाते. पुढच्या खेपेला ते आणखी घाईनं झटकतं. ही खोड एकदा जडली की सोडवायला वर्षं जातात. मी ते डोळ्यांनी पाहत आलो आहे.

चार एक्समध्ये किंवा पीपच्या कड्यात तेच हलणं शांत वाटतं. मूल ते सोसतं. ते हलत असतानाच हळूहळू दाब वाढवत चाप सुटू देतं, गोळी कधी सुटली हे त्याचं त्यालाही नीट कळत नाही, आणि ती नेमकी हलण्याच्या मध्यावर जाते. थरथर मान्य करूनही बोट शांत ठेवायचं, हेच तर शिकायचं असतं. जे दिसल्यानं ते शांत राहत नाही ते दिसून काय मिळवायचं? टेबलावर रायफल टेकवून कुठली गोळी या नळीला मानवते हे तपासताना मोठा एक्स कामाचा असतो. तेवढ्यापुरता तो क्लबातून उसना आणावा. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या लाटांत बारा एक्सचं दृश्य पाण्याखालच्यासारखं थरथरतं. चार एक्समध्ये त्याच लाटांचा त्रास जाणवत नाही.

अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत असताना नेमबाजीकडे वळली. २००३ साली मिलानच्या वर्ल्डकप फायनलमध्ये ४०० पैकी ३९९ करून तिनं सुवर्ण जिंकलं. पुढच्या मुलांनाही अशीच एखादी सुरुवात मिळावी, म्हणून पालकांना मी कळकळीनं सांगतो: पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. वर्षभर क्लबाच्या रायफलीवर, ओपन साइटवर मुलाला शिकू द्या. तुमच्या घरी वापरात नसलेली पीप साइट किंवा दुर्बीण कपाटात पडून असेल तर ती जवळच्या क्लबात आणून द्या. तिची वाट पाहणारं मूल तिथे नक्की असतं. आणि स्वतःसाठी दुर्बीण घ्यायचीच असेल तर चार एक्सची, ३२ मिमीची, ५० यार्डांना बांधलेली, साध्या काळ्या क्रॉसची घ्या, ती भक्कम रिंगांत बसवा, आणि बारा एक्सच्या मोहातून वाचलेल्या पैशांच्या गोळ्या आणा.